चाळणीने फेकलेलं वादळ

ठकीचं वय चव्वेचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, नावापुढे दोन भारदस्त पदव्या. पण दादाच्या लेखी ती ठकीच. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी तासन्‌तास एका जागी बसून राहायची म्हणून त्याने हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं की शाळा, कॉलेज करत थेट ऑफिसापर्यंत मागे मागे आलं. ऑफिस म्हणजे हवामान केंद्र. तिथले शिपाईसुद्धा आपापसात "ठकीमॅडम" म्हणायचे आणि ती समोर आली की घाईघाईने नुसतं "मॅडम" करायचे. तिला ते ऐकू यायचं. तिने कधी मनावर घेतलं नाही.

दादा टग चालवायचा. टग म्हणजे दोर लावून मोठाल्या जहाजांना किंवा बार्जना, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट मालबोटींना, ओढून नेणारी ठेंगणी, दांडगी बोट. तिच्यावर त्याच्यासकट चौघं असत. बंदराच्या भिंतीवर रोज हवामानाचं अधिकृत पत्रक लागायचं. ते वाचायला दादाला कोणी बंदी केली नव्हती, आणि ते ठकीच्याच केंद्रातून आलेलं असायचं. पण हा गडी ते कधी वाचायचा नाही. प्रत्येक खेपेआधी बहिणीला फोन करायचा.

"काय गं, तुझा ओव्हन काय म्हणतोय?"

उपग्रहावरच्या मायक्रोवेव्ह यंत्राचं काम आपण बघतो, असं ठकीने नोकरीच्या सुरुवातीला घरात मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तेव्हापासून घरात ओव्हन हा शब्द कायमचा झाला. तिने आधी समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

"ओव्हन म्हणतोय, जा खुशाल," ती म्हणाली. "वारा किरकोळ आहे. उद्यापर्यंत काही नाही. आज काय ओढतोयस?"

"दगड भरलेला बार्ज आहे. बेटावरच्या धक्क्याला द्यायचाय. गोगलगायीसारखं जावं लागणार, संध्याकाळ होईल."

"डबा घेतलास का?"

"तुझ्या वहिनीने दोन दिले. एक माझा आणि एक मला परत भूक लागेल तेव्हाचा."

ती हसली. फोन ठेवून कामाला लागली. ते "जा खुशाल" तिने पत्रक बघून म्हटलं होतं. केंद्रातल्या कोणीही तेच म्हटलं असतं.

आता तिचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. हवा गरम असो की गार, तिच्यातून सतत अगदी क्षीण अशा लहरी निघत असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. उपग्रह वरून जाता जाता त्या टिपतो. ढग आडवे आले की साधा कॅमेरा आंधळा होतो, त्याला नुसता पांढरा कापूस दिसतो. या लहरी मात्र ढगातून आरपार वर येतात. त्यांवरून कळतं की खाली हवा किती गरम आहे, तिच्यावरच्या थरात किती, त्याच्याही वर किती. प्रत्येक थराची वेगळी वाहिनी. समुद्रावर एखाददुसरं तरंगतं केंद्र सोडलं तर ना माणूस, ना खांब; तिथली हवा कळायची असेल तर याच एका मार्गाने. ही मापनं यायला लागल्यापासून अंदाज इतके सुधारले की जुनी माणसं विश्वास ठेवायची नाहीत.

पण अंदाज करणारा संगणक जुन्या कारकुनासारखा असतो. आत्ता हवा कशी असेल याचं एक चित्र तो आधीच मनाशी धरून बसतो. मग मापनं येतात. थोडी वेगळी असली तर तो आपलं चित्र सुधारतो. फारच वेगळी असली तर म्हणतो, यंत्र बिघडलं असणार, आणि सरळ फेकून देतो. किती वेगळं म्हणजे फार वेगळं, हे ठरवणारा जो भाग असतो त्याला केंद्रात चाळणी म्हणत, आणि ती चाळणी ठकीच्या हातात होती.

गेल्या महिन्यात किनाऱ्यावर मोबाइलचे नवे मनोरे उभे राहिले. त्यांची बडबड उपग्रहाच्या लहरींना अगदी खेटून चालायची. उपग्रहाला वाटलं, खालची हवा तापली आहे. संगणकाला वाटलं, वादळ येतंय. केंद्राने इशारा दिला, बंदर बंद झालं, आणि दिवसभर असं लख्ख ऊन पडलं की लोक गच्चीवर गाद्या वाळत घालून केंद्राला हसले. मुख्य अंदाजकारांना वरून फोन आले. सगळे त्यांना मुख्यसाहेब म्हणत. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलेला माणूस, तो वर्तमानपत्रातून टिंगलीचा विषय झाला. मग बैठक बसली आणि ठरलं, की किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरती चाळणीची भोकं बारीक करायची. ते काम ठकीने केलं. चोख केलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ते तपासलं, माना डोलावल्या, चहा घेतला.

त्यात एक गोष्ट राहिली होती. मनोऱ्यांची बडबड शिरते ती फक्त सगळ्यात खालच्या थराच्या वाहिनीत. पण चाळणी अशी लिहिली गेली, की एका वाहिनीवर संशय आला तर त्या ठिकाणच्या सगळ्याच वाहिन्या फेकायच्या. एकाचा दात किडला म्हणून अख्ख्या घराचे दात काढावेत तसं. तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो एक फजितीचा दिवस होता.

ठकीला एक सवय होती. संगणकाने घेतलेली मापनं बाकीचे बघत. ही त्याने फेकलेली बघायची. नकाशावर घेतलेली हिरव्या ठिपक्यांनी दिसत, फेकलेली लाल. "मॅडमना कचरा आवडतो," असं शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे. त्या दिवशीही दादा निघून बराच वेळ झाल्यावर, हातातलं काम उरकून, ती सवयीने कचऱ्याकडे वळली.

किनाऱ्यालगत लाल ठिपके होते, रोजचेच. पण पट्ट्याच्या समुद्राकडच्या कडेला, दूर पाण्यावर, आणखी एक घोळका होता. गोल. मनोऱ्यांचे ठिपके किनाऱ्याला धरून रांगेत येतात, कारण मनोरे किनाऱ्यावर उभे असतात. भर समुद्रात फोनवर बोलायला कोण बसलंय?

तिने त्या ठिकाणच्या वरच्या थरांच्या वाहिन्या उघडल्या. खूप वर, जिथे मनोऱ्याची बडबड पोचण्याचा प्रश्नच नाही, तिथेही हवा गरम होती. भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गरम, आणि ती ऊब वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध. असं एकाच गोष्टीत होतं. जोमाने वाढत असलेल्या वादळाच्या पोटात.

पण संगणकाच्या चित्रात त्या जागी काहीच नव्हतं. निवांत समुद्र, किरकोळ वारा, उद्यापर्यंत काही नाही. आणि बेटाची वाट नेमकी त्या वर्तुळाच्या पोटातून जात होती.

तिने दादाला फोन लावला. फोन पल्ल्याबाहेर होता. ती उठली आणि जवळजवळ धावतच मुख्यसाहेबांच्या खोलीत गेली.

"सर, समुद्रात वादळ आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. तिने दाखवलं ते सगळं पाहिलं, परत पाहिलं. ते घाई करणारे नव्हते आणि मूर्ख तर मुळीच नव्हते.

"हे फेकलं कोणी?"

"चाळणीने."

"म्हणजे आपण."

"आपणच, सर. सगळ्या वाहिन्या एकत्र फेकल्या जातायत. माझ्या तेव्हा ध्यानात नाही आलं."

"माझ्याही नाही आलं." मग ते हळूच म्हणाले, "मला पटतंय तुमचं. पण मी इशारा कशावर देऊ? संगणकाच्या मॉडेलमध्ये काही नाही. जहाजाकडून खबर नाही. त्या बाजूचं तरंगतं केंद्र दुरुस्तीला आणलंय. फेकलेल्या मापनावर इशारा देता येत नाही असा नियम आपणच करून घेतला, गेल्या महिन्यात. त्यावर माझी सही आहे."

"सर, माझा भाऊ आहे तिथे."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. मुख्यसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. आणि तिच्या बोलण्याचं वजन त्या एका वाक्याने कमी झालं, हेही दिसत होतं. आता ती शास्त्रज्ञ उरली नव्हती, बहीण झाली होती.

"चाळणी सैल करा," ते म्हणाले. "मॉडेल पुन्हा चालवा, माझ्या अधिकारात. त्यात वादळ उमटलं तर त्या क्षणी इशारा देतो. एवढं माझ्या हातात आहे."

तिने चाळणी सैल केली. त्याला काही वेळ लागला नाही. चाळणीच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची होती. पण संगणकाचं गाडं त्याच्या चालीने चालतं. अख्ख्या पृथ्वीची हवा थराथराने मोजत तो पुढे सरकतो आणि त्याला ढकलता येत नाही. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. ठकी पट्टीकडे बघत बसली, आणि बसवेना म्हणून तिने बंदराला फोन लावला.

बंदराच्या रेडिओवर एक वयस्कर माणूस असायचा. दादा त्याला मामा म्हणायचा, म्हणून तीही मामा म्हणायची.

"मामा, टगला मागे बोलवा. पुढे वादळ आहे."

"पत्रक आलं का?"

"येतंय. थोडा वेळ लागेल."

"अगं बाई, पत्रकाशिवाय मी कसा बोलवू?" मामाचा आवाज मऊ होता. "रोज एक तरी फोन येतो बघ. कोणाची आई, कोणाची बायको. स्वप्न पडलं, डोळा फडफडला, ह्यांना मागे बोलवा. मी सगळ्यांचं ऐकलं तर बंदराला कुलूप लागेल."

"मला स्वप्न नाही पडलं, मामा. मी हवामान केंद्रातून बोलतेय."

"ते माहितेय गं मला. पण तुझ्या केंद्राचंच पत्रक इथे भिंतीवर आहे आणि त्यात तर वारा किरकोळ लिहिलंय."

मग मामाच विरघळला. म्हणाला, थांब, निरोप तेवढा देतो. रेडिओचा खरखराट तिला फोनमधून ऐकू आला, मामाचं ओरडणं ऐकू आलं, मधेच दादाचा आवाजही आला, पण शब्द लागले नाहीत.

"हे बघ," मामा परत आला. "समुद्र तव्यासारखा सपाट आहे म्हणतोय. ठकीला सांगा म्हणाला, सकाळी जा म्हणालीस आणि आता ये म्हणतेस, एकदा ओव्हन दुरुस्त करून घे. बार्ज मागे असताना वळायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा म्हणे. आणि काळजी करू नकोस म्हणाला."

तव्यासारखा सपाट! वादळाच्या तोंडाशी समुद्र कधी कधी असाच पसरलेला असतो. दादाला ते माहीत होतं. पण त्याचा आपल्या अनुभवापेक्षा बहिणीच्या सकाळच्या शब्दावर जास्त विश्वास होता. तिला रडू आलं, आणि रागही आला. राग कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून ती पडद्यावरच्या त्या पट्टीवर चिडली. पट्टी निम्मी भरली होती.

दुपारी कोणी जेवलं नाही. केंद्रात बातमी पसरली होती. शेजारच्या टेबलावरचे, कचऱ्यावरून चेष्टा करणारे, तिच्या मागे येऊन मुकाट उभे राहत आणि मुकाट परत जात. कोणीतरी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिने तो हातात धरला आणि प्यायचं राहून गेलं.

पट्टी भरली. पडद्यावर वादळ उमटलं.

इतकं स्वच्छ वादळ तिने मॉडेलमध्ये कधी पाहिलं नव्हतं. मधला डोळा, भोवती घट्ट वळलेली वाऱ्याची वेटोळी, पुढच्या प्रत्येक तासाला ते कुठे असेल त्याची रेघ. एका ओळीचा फरक होता सगळा. मुख्यसाहेबांनी उभ्या उभ्याच इशाऱ्यावर सही केली. लाल इशारा. तो बंदराला गेला, रेडिओला गेला, सगळीकडे गेला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं. लागला इशारा." तिला क्षणभर खरंच वाटलं की आता सुटलो.

तिने मामाला फोन लावला. या खेपेला त्याचा आवाज मऊ नव्हता.

"तो आहे त्यातच, बाई. तुझं पत्रक यायच्या जराशी आधी बोलला. एकाएकी आलं म्हणाला. दोर तोडलाय, बार्ज सोडून दिलाय. इंजिनात पाणी शिरतंय. त्यानंतर मी हाका मारतोय, उत्तर नाही."

"मग बचावबोट पाठवा! मामा, ती धक्क्यालाच असते ना?"



"निघालीच होती ती," तो म्हणाला. "दोर सोडले होते, पोरं चढली होती. तेवढ्यात लाल इशारा आला. लाल लागला की बंदरातून काही बाहेर सोडता येत नाही. बचावबोटसुद्धा नाही. वारा उतरेपर्यंत."

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिचा इशारा. सकाळपासून ज्याच्यासाठी ती याच्या त्याच्या दारात उभी राहिली, तो इशारा दादाला वाचवायला उशिरा पोचला आणि त्याच्याकडे निघालेली बचावबोट अडवायला वेळेवर पोचला. मुख्यसाहेबांनी स्वतः बंदराच्या अधिकाऱ्यांना फोन केला, समजावलं, आवाज चढवला, शेवटी गयावया केली. पलीकडून एकच उत्तर आलं: तुमच्या अंदाजात वारा अजून वाढणार आहे ना? मग आणखी सहा माणसं तिथे पाठवू का? मुख्यसाहेबांना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळच्या सुमाराला उपग्रह पुन्हा वरून गेला. ठकीने मापनं उघडली. समुद्रभर हिरवे ठिपके होते. चाळणीने सगळं घेतलं होतं, कारण आता संगणकाच्या मनातलं चित्र आणि खरी हवा जवळजवळ एक झाली होती. इतका कमी फरक म्हणजे अंदाज अचूक. एरवी अशा दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले असते.

बेटाच्या वाटेवरच्या एका ठिपक्यावर तिने बोट ठेवलं. एक ठिपका म्हणजे एखाद्या तालुक्याएवढा समुद्र. त्यात कुठेतरी दादा होता. त्याच्या डोक्यावरच्या हवेचं तापमान तिला थराथराने माहीत होतं, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत. तो पाण्यावर आहे की पाण्याखाली, हे सांगणारी वाहिनी कोणी बनवली नव्हती.

फोन वाजला. वहिनी होत्या. मागे वाऱ्याचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता; त्या धक्क्यावरच उभ्या होत्या.

"ठकी, मामा म्हणतात तुझ्याकडे वरून सगळं दिसतं. बोट दिसते का गं?"

"नाही, वहिनी. बोट नाही दिसत. हवा दिसते फक्त."

"बरं." वहिनींनी श्वास घेतला. "मग हवा बघून सांग. वारा कधी उतरेल? इथे ही पोरं बोटीत बसून आहेत. वारा उतरला की लगेच निघतो म्हणतात."

ठकीने पडद्याकडे पाहिलं. खोटं सांगावं असं मनात आलं, पण खोटं सांगून वारा थोडाच उतरणार होता.

"आज नाही उतरत, वहिनी. रात्रभर वाढत जाईल. उद्या दुपारनंतर उतरेल."

"उद्या दुपारी?"

"हो."

"इतका वेळ तो कसा..." मग एकदम, काहीतरी आठवावं तशा त्या म्हणाल्या, "पण तुझं चुकतं ना गं? सकाळी चुकलंच होतं. काही नाही म्हणालीस आणि एवढं आलं."

"हो, वहिनी. सकाळी चुकलं."

"मग आताही चुकेल." वहिनींचा आवाज हलका झाला होता. त्या फोन बाजूला धरून कोणालातरी ओरडून सांगत होत्या, अहो, उतरू नका बोटीतून, तिचं चुकतं कधी कधी, तीच म्हणतेय. मग पुन्हा फोनवर आल्या. "चुकेल ना गं, ठकी?"

पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते.

"चुकेल, वहिनी," ती म्हणाली.